शेतमालाच्या मोटारीचा विजेचा पंखा : तो न फिरल्यास दोष कसा शोधावा

शेतात उत्तम पीक आले, तरी तो माल वेळेवर बाजारात पोहोचला नाही तर शेतकऱ्याच्या श्रमाचे चीज होत नाही. रसायनी, मोहोपाडा व चौक या परिसरात, तसेच कर्जत व खालापूर तालुक्यांच्या इतर भागांत, भाताच्या कापणीनंतर ओलीवर वाल घेतला जातो. पाण्याची सोय असेल तेथे काकडी, दुधी, कारली, भेंडी ही पिके होतात. हा माल दांड फाट्यावरून पनवेलमार्गे तुर्भ्याच्या बाजार आवारात नेता येतो, अथवा खोपोलीहून बोरघाट चढून पुण्याकडे नेता येतो. आता पुष्कळ शेतकरी बंधूंजवळ स्वतःची लहान मोटार किंवा मालवाहू गाडी असते. अशी गाडी भर रस्त्यात तापून उभी राहिली, म्हणजे भाजी कोमेजते, बाजाराची वेळ टळते आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. या संकटाचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंजिन थंड ठेवणारा विजेचा पंखा न फिरणे. हा दोष पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतो. मात्र तो क्रमाने शोधला पाहिजे.

पंख्याचे कार्य

इंजिनात निर्माण होणारी उष्णता कूलंट, म्हणजे शीतकद्रव मिसळलेले पाणी, शोषून घेते व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणते. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरच्या जाळीतून जातो आणि पाणी निवते. गाडी उभी असताना किंवा ओझ्यासह चढावर मंद चालत असताना हा वारा पुरत नाही. त्या वेळी पंखा वारा ओढून घेतो.

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींत हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. पट्टा शाबूत असला की इंजिन चालू होताच पंखाही फिरे. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. अशा लहान मोटारींत इंजिन आडवे बसविलेले असते, त्यामुळे रेडिएटरसमोरचा पंखा पट्ट्याने फिरविणे सोयीचे नसते. म्हणून त्यांना स्वतंत्र विजेचा पंखा असतो. तो सतत फिरत नाही. पाणी ठराविक मर्यादेपर्यंत, बहुधा ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, तापले म्हणजे सुरू होतो व काही अंश निवताच थांबतो. म्हणून थंड इंजिनावर पंखा स्थिर दिसला तर तो दोष समजू नये. काही मोठ्या मालवाहू गाड्यांत आजही पट्ट्याचा पंखा असतो. त्यांना पुढील तपासणी लागू नाही.

विहिरीवरील पंपाशी तुलना केल्यास या पंख्याची रचना चटकन ध्यानी येते. पंपाला जशी मोटर, तशी पंख्यालाही मोटर असते. पंपाच्या स्टार्टरचे काम येथे रिले करतो. जास्त प्रवाह वाहू लागल्यास फ्यूज जळतो. पाणी तापल्याची वर्दी उष्णतेचा स्विच किंवा सेन्सर देतो. नव्या गाड्यांत ही वर्दी प्रथम संगणक-पेटीकडे जाते व ती पेटी रिलेला आज्ञा करते.

प्रथम सावधगिरी

१. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच उकळते पाणी व वाफ उसळून चेहरा व हात भाजतात. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

२. किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो. पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. उपरणे, पदर, बांगड्या व अंगठी यांविषयी विशेष काळजी घ्यावी.

३. गाडी गॅसवर चालणारी असून गॅसचा वास येत असेल, तर विजेची कोणतीही चाचणी करू नये. विजेवर किंवा संमिश्र इंधनावर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी तारांना हात लावू नये.

दोष पंख्याचाच आहे काय?

तपमान दाखविणारा काटा केव्हा चढतो, हे पाहावे. समजा, खालापूरच्या टोल नाक्यावर रांगेत उभे असताना काटा चढला आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा उतरला, तर पंख्यावर संशय घेण्यास जागा आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेगात असतानाही काटा चढत असेल, तर पाणी कमी होणे, थर्मोस्टॅट अडकणे, पाण्याचा पंप बिघडणे किंवा रेडिएटर तुंबणे ही कारणे आधी तपासावीत. मळणीच्या दिवसांत पेंढ्याची कसपटे व तूस जाळीत अडकतात. पावसाळ्यात चिखल बसतो.

त्यानंतर थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहावी. पातळी फार खाली गेली असल्यास सेन्सर पाण्यात न राहता मोकळ्या जागेत राहतो, त्याला खरी उष्णता समजत नाही आणि पंखा निर्दोष असूनही सुरू होत नाही.

तपासणीचा क्रम

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत येत नसेल, तर शेतकरी सगळा पाट नव्याने खणीत नाही. तो बांधाबांधाने जाऊन पाणी कोठवर आले आहे ते पाहतो. विजेच्या बाबतीतही हेच करावे. वीज कोठवर येते व कोठे अडते, एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी बारा व्होल्टचा दिवा, दोन तारा आणि शक्य असल्यास मल्टिमीटर एवढे साहित्य पुरेसे होते.

(१) वातानुकूलन लावून पाहावे. गाडीत ही सोय असल्यास ती चालू करताच बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. तो फिरल्यास मोटर व तिच्या तारा ठीक आहेत आणि दोष उष्णतेच्या सेन्सरकडे असण्याचा संभव अधिक. मात्र दोन स्वतंत्र पंखे असलेल्या गाडीत कोणता पंखा फिरला, हे नीट पाहावे.

(२) फ्यूज पाहावा. हा फ्यूज इंजिनाजवळच्या पेटीत असतो. पेटीच्या झाकणावरील आकृतीवरून तो सापडतो. जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. त्याऐवजी साधी तार किंवा चांदी गुंडाळू नये, कारण मग प्रवाह वाढल्यास फ्यूजऐवजी तारा जळतात व गाडी पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर मोटर जाम झाली आहे किंवा तार कोठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे, असे समजावे. घराशेजारी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, हेही तपासावे.

(३) पाती हाताने फिरवावीत. बॅटरीची तार काढूनच हे करावे. पाती सहज फिरली पाहिजेत. ती जड लागली किंवा खरखरली, तर मोटरचे बेअरिंग गेले असावे.

(४) मोटरला थेट वीज द्यावी. ही सर्वांत महत्त्वाची चाचणी होय, कारण तिच्यामुळे संशयाचे क्षेत्र एकदम निम्मे होते. मोटरचा जोड सोडवून, योग्य फ्यूज घातलेल्या जाड तारेने बॅटरीची वीज मोटरला द्यावी. धन व ऋण यांची अदलाबदल होऊ देऊ नये. मोटर फिरली नाही, तर दोष मोटरमध्येच आहे. लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर ती फिरू लागली, तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत व मोटर लवकरच पूर्ण बंद पडेल. थेट विजेवर मोटर जोमाने फिरली, तर तिला दोष देऊ नये, पुढे जावे.

(५) जोडापर्यंत वीज येते काय ते पाहावे. इंजिन तापलेले असताना सोडवलेल्या जोडाच्या दोन टोकांना दिवा लावावा. येथे ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब वापरणे उत्तम, कारण तो चार-साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. लहान दिवा गंजलेल्या जोडावरही लागतो व फसवितो. बल्ब मंद लागला, तर एक टोक बॅटरीच्या ऋणाला लावून पाहावे; मग तो प्रखर झाला तर अर्थिंगचा जोड खराब आहे. आपल्या भागातील मुसळधार पाऊस व दमट हवा यांमुळे तांब्यावर हिरवा गंज चढतो. तो घासून, जोड घट्ट करून वर ग्रीस लावल्यास पुष्कळदा पंखा पूर्ववत चालू होतो.

(६) रिले तपासावा. पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ भोंग्याचा, असल्यास अदलाबदल करून पाहावी. पंखा फिरला तर जुना रिले निकामी आहे. रिलेचा टिक असा आवाज येतो पण पंखा फिरत नाही, असे झाल्यास आतील संपर्क जळाले असण्याचा संभव असतो. आवाजच येत नसेल, तर बहुधा आज्ञाच पोहोचत नाही.

(७) शेवटी उष्णतेचा स्विच किंवा सेन्सर पाहावा. जुन्या गाडीत रेडिएटरला दोन तारांचा स्विच असतो. किल्ली चालू ठेवून त्या दोन तारा एकमेकींना जोडताच पंखा फिरला, तर स्विच बदलावा. नव्या गाडीत मात्र अशा तारा जोडू नयेत. तेथे सेन्सरचा जोड काढल्यास अनेक गाड्यांची संगणक-पेटी सुरक्षिततेसाठी पंखा स्वतःच सुरू करते. तसे झाले तर पंखा, रिले व तारा निर्दोष ठरतात. याउपर दोष न सापडल्यास संगणक-पेटी तपासणारे यंत्र ज्या गॅरेजमध्ये असेल तेथे जावे.

वाटेत गाडी तापल्यास

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करून हीटर व त्याचा पंखा पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे त्रासदायक वाटेल, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा लाल खुणेजवळ गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. "एवढा घाट चढून जाऊ" हा विचार घातक आहे. अति तापल्याने सिलिंडरचे हेड वाकते, हेड गॅस्केट जळते, पाणी व तेल एकत्र होते. मग काही रुपयांच्या फ्यूजच्या दोषापायी भाजीच्या हंगामाचा नफा गॅरेजमध्ये जातो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

निकडीच्या वेळी फ्यूज घातलेल्या जाड तारेने पंखा थेट बॅटरीवर चालवून घरी येता येते. हा उपाय तात्पुरताच समजावा. गाडी थांबविल्यावर ती तार न काढल्यास बॅटरी उतरते.

सारांश

पाणी, फ्यूज, मोटर, जोड, रिले, सेन्सर असा हा क्रम आहे. कोणताही भाग चाचणीने सदोष ठरल्याखेरीज विकत घेऊ नये आणि गॅरेजमध्ये गेल्यावरही मोटरला थेट वीज देऊन पाहिली काय, हे अवश्य विचारावे. पंख्याची जाळी, जोड व पाण्याची पातळी भाजीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासण्याची सवय ठेवावी. पंपाची व नांगराची जशी निगा राखतो तशीच गाडीची राखल्यास आपला माल ताज्या स्थितीत व वेळेवर बाजारात पोहोचेल.