बाटलीवरचा तिरपा चौकोन



तुम्हांला आता अक्षरे वाचता येतात. पण अक्षरांच्या आधी डोळा आणखी एक वाचन करीत असतो. ते रंगांचे आणि आकारांचे वाचन. आजचा पाठ त्याचाच आहे.

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी पाहा. रेघ एकही ओढलेली नाही, नुसते ठिपके आहेत. तरी डोळ्याला ओळी दिसतात. जवळजवळच्या वस्तू डोळा आपोआप जोडतो. आता कपाशीच्या रानात पाहा. लाल लुगडे नेसलेली बाई लांबूनही दिसते. लुगडे हिरवे असले, तर हाक मारावी लागते. भोवतालाहून निराळा रंग उठून दिसतो. तसेच दहा माणसे सरळ रांगेत असली आणि एकच तिरपा उभा असला, तर नजर त्याच्यावरच जाते.

चित्र काढणारे लोक हे जाणतात. १९५१-५२ साली देशात पहिली मोठी निवडणूक झाली. बहुतेक मतदारांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून मतपेट्यांवर चित्रे लावली. बैलजोडीचे चित्र कोणालाही कळत होते.

अशीच एक खूण आपल्या घरात असते. ती ओळखणे हा जीवाचा प्रश्न आहे.

कपाशी, तूर, सोयाबीन यांवर आपण फवारा मारतो. त्याला आपण 'औषध' म्हणतो. पण ते विष आहे. १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. त्यांनुसार प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर एक चौकोन असतो. तो सरळ नसतो, कोपऱ्यावर उभा असतो. चिठ्ठीवरच्या ओळी आडव्या, हा एकटा तिरपा. म्हणून नजरेत भरतो. त्याचे दोन भाग असतात. वर इशाऱ्याचा शब्द असतो, खाली रंग असतो.

लाल – अत्यंत विषारी. वर कवटी, हाडांची फुली आणि 'पॉइझन', म्हणजे विष, हा शब्द.
पिवळा – फार विषारी. येथेही 'पॉइझन' हाच शब्द.
निळा – मध्यम विषारी. शब्द 'डेंजर', म्हणजे धोका.
हिरवा – कमी विषारी. शब्द 'कॉशन', म्हणजे जपून.

हे शब्द इंग्रजीत असले आणि वाचता आले नाहीत, तरी रंग सांगतोच. लाल म्हणजे किती विषारी? शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेले, की चाचणीतले निम्मे प्राणी मरतात. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा विसावा भाग!

मात्र डोळा फसतोही. त्या चौकोनाला चिठ्ठीच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा द्यावा, एवढेच नियम सांगतो. उरलेल्या जागेत मोठे नाव आणि टवटवीत पिकाचे चित्र असले, की नजर आधी तिकडे धावते. म्हणून बाटली हाती आली, की आधी चौकोन शोधा, मग नाव वाचा.

हिरवा रंग पाहून आपल्याला पीक आठवते, बरे वाटते. पण येथे हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. तेही विषच.

तिन्हीसांजेला लाल रंग काळपट दिसतो. काहींना, विशेषतः काही पुरुषांना, लाल आणि हिरवा हे रंग निरनिराळे ओळखू येत नाहीत. म्हणून चौकोन दिवसाउजेडी पाहावा. शंका आली, तर दुसऱ्याला दाखवावा.

उरलेले विष सरबताच्या बाटलीत कधीच ओतू नका. चिठ्ठी गेली, की खूण गेली. लेकराचा डोळा बाटलीचा आकार ओळखतो आणि हात पुढे करतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. विष तोंडावाटेच जाते असे नाही. ते श्वासातून आणि कातडीतूनही अंगात भिनते. चौकोन धोका सांगतो, तो टाळायचे काम आपले. तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका. चक्कर, मळमळ किंवा अंधारी आली, तर काम थांबवा. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लागलीच दवाखाना गाठा. जाताना बाटली चिठ्ठीसकट न्या. कोणते विष आहे, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

प्रश्न
१. लाल लुगडे कपाशीच्या रानात लांबून का दिसते?
२. चौकोनाच्या वरच्या भागात काय असते? खालच्या भागात काय असते?
३. हिरव्या खुणेचे औषध निर्धोक असते काय?

घरी करा
घरातल्या औषधाच्या बाटल्या दिवसाउजेडी पाहा. प्रत्येकीच्या चौकोनाचा रंग वहीत लिहा. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चारही रंग समजावून सांगा. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा.