घरचे काम, आपले काम

(घरातील रोजची कामे प्रत्येकाला आली पाहिजेत. ती का शिकावीत आणि कशी शिकावीत, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ आहे. अब्बा कामासाठी बाहेरगावी गेले आहेत. अम्मीला रात्रीपासून ताप आहे. धाकट्या भावाला जुलाब होत आहेत. रोज या वेळी स्वयंपाकघरातून चहाचा वास येतो, भांड्यांचा आवाज येतो. आज तेथे सारे शांत आहे. अम्मी उठू पाहते. पण तिला उभे राहवत नाही. ती तुमच्याकडे पाहते. अशा वेळी तुम्ही काय कराल?

तुम्ही बीजगणितातील उदाहरणे सोडवता. नकाशात गोदावरी आणि कृष्णा दाखवता. ते चांगलेच आहे. पण या सकाळी तुमच्या हातांना काय येते, हे महत्त्वाचे आहे.

आधी भावाकडे पाहा. जुलाबांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. लहान मुलांच्या जिवाला त्यामुळे धोका असतो. आरोग्य केंद्रात किंवा औषधांच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते. ती घरात नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ टाकून ढवळा. माप चुकवू नका. मीठ जास्त झाले, तर अपाय होतो. हे पाणी भावाला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजा. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्या. मूल मलूल झाले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या.

हा उपाय साधा आहे, पण लहान नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे त्यांच्यात पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली. रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाणी पेल्यांनी पाजले. मृत्यूंचे प्रमाण खूप कमी झाले. पाहा, साध्या माणसांच्या हातांनी किती जीव वाचले!

आता स्वयंपाकघरात जा. गॅस पेटवण्याआधी वास घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साठतो. वास आला, तर काडी ओढू नका. विजेचे कोणतेही बटण दाबू नका. चालू असलेला दिवाही बंद करू नका. लहानशी ठिणगीसुद्धा घात करते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर न्या आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

वास नसेल, तर खिचडी करा. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन घ्या. चार वाट्या पाणी, थोडी हळद आणि चवीपुरते मीठ घालून कुकरमध्ये शिजवा. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नका. आजाऱ्याला असे मऊ अन्न चांगले पचते.

काही मुले म्हणतात, "ही तर मुलींची कामे आहेत." भूक मुलगा आणि मुलगी असा भेद करते का? मग काम तरी का करावे? आपा भांडी घासते, तेव्हा तिचाही अभ्यास राहिलेला असतो. कोकणातील कितीतरी माणसे नोकरीसाठी आखाती देशांत गेली आहेत. तेथे अनेक जण एका खोलीत राहतात आणि पाळीपाळीने स्वयंपाक करतात. दहावीनंतर तुम्हीही शिक्षणासाठी परगावी जाल. तेथे शर्टाचे तुटलेले बटण लावायला अम्मी येणार नाही.

पहिल्या दिवशी खिचडी करपेल, सुई बोटाला टोचेल. हरकत नाही. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होते. धोब्याचा खर्च वाचावा म्हणून ते आपले कपडे स्वतः धुऊ लागले. पहिल्यांदा कॉलरला खळ जास्त झाली. इस्त्रीही पुरेशी गरम नव्हती. तीच कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा तिच्यातून खळ गळू लागली! सोबतचे वकील हसले. गांधीजींना त्याची लाज वाटली नाही. ते धुणे शिकत राहिले आणि त्यात तरबेज झाले.

तुम्हीही आठवड्याला एक काम शिका. अम्मी, अब्बा किंवा दादी यांना विचारा, त्यांच्याजवळ उभे राहून पाहा आणि मग त्यांच्या देखत स्वतः करा. आग आणि वीज यांची कामे मोठ्यांच्या परवानगीशिवाय करू नका.

मग तशी एखादी सकाळ आलीच, तर तुम्ही गोंधळणार नाही. भाऊ पेल्यातले पाणी पिऊन झोपलेला असेल. अम्मीपुढे गरम खिचडीची ताटली असेल. ती पहिला घास घेईल आणि म्हणेल, "मीठ थोडे कमी आहे, पण आज मी निर्धास्त झोपेन." परीक्षेतील गुणांपेक्षा ही शाबासकी कमी आहे का?

शब्दार्थ

मलूल – निस्तेज, थकलेला
निर्वासित – घरदार सोडून यावे लागलेले लोक
पटकी – कॉलरा, हैजा
घात करणे – मोठे नुकसान करणे
खळ – कपडे कडक करण्यासाठी लावायची पेज
तरबेज – कुशल
निर्धास्त – काळजी नसलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक लिटर पाण्यात साखर आणि मीठ किती घालावे?
(आ) गॅसमध्ये उग्र वासाचा पदार्थ का मिसळतात?
(इ) वकील गांधीजींना का हसले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गॅसचा वास आल्यास काय करावे?
(आ) घरकाम मुलांनीही का शिकावे?

३. नमुन्याप्रमाणे वाक्ये बदला.
नमुना : झाकण उघडा. – झाकण उघडू नका.
(अ) काडी ओढा. (आ) बटण दाबा. (इ) माप चुकवा.

४. उपक्रम : या आठवड्यात घरातील एक नवे काम शिका. ते कसे केले, हे पाच वाक्यांत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.