फाईलची लिंक देण्याआधी

जँगोत फाईलफील्डला नुसतं डॉट यूआरएल लावलं की लिंक होते, आणि तुझ्या लॅपटॉपवर चालतेही. त्यावर भुलू नकोस. यूआरएलच्या यादीत घातलेली ती स्टॅटिकची ओळ डीबग चालू असेपर्यंतच काम करते. सर्व्हरवर चढवलं की ४०४. मग घाईघाईत कोणीतरी एन्जिनएक्सला मीडियाचं फोल्डर दाखवून देतं. लिंक चालू होते, पण सगळ्या जगासाठी.

बातम्यांचे फोटो असतील तर खुशाल तसं कर. दाखले, मार्कशीट, पगाराच्या स्लिपा असतील तर लिंक फाईलची नको, नोंदीची दे. नोंदीचा क्रमांक घेणारा एक व्ह्यू लिही आणि मागणारा कोण ते तपासूनच फाईलरिस्पॉन्स परत कर. नुसतं लॉगिन बघून भागत नाही. लॉगिन केलेला माणूसही पत्त्यातला १७ खोडून १८ टाकून बघतोच. नोंद शोधतानाच मालकाची अट घाल. फाईलचा पाथ मात्र पत्त्यातून कधीच घेऊ नकोस.

आता आपल्या लोकांची खरी गोची. ‘जातीचा दाखला.पीडीएफ’ चढव आणि डिस्कवर काय पडलंय ते बघ: ‘जतच_दखल.पीडीएफ’! जँगो नाव साफ करताना अक्षरं, अंक आणि दोन-चार चिन्हंच ठेवतो, आणि पायथॉनच्या हिशेबी काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नव्हेत. त्याच्याशी भांडू नकोस. सेव्ह करण्याआधी मूळ नाव वेगळ्या रकान्यात ठेव आणि देताना फाईलरिस्पॉन्सच्या फाईलनेममध्ये तेच घाल. देवनागरी हेडरमध्ये नीट बसवायचं काम तो करतो. हेडर हाताने लिहायचा हट्ट कशाला?

सोबत ॲज अटॅचमेंट ट्रू ठेव. कोणी एसव्हीजी चढवली आणि ती ब्राउझरमध्येच उघडली, तर आतली स्क्रिप्ट आपल्या साईटच्या नावाने चालते.

व्हिडिओसारखं जड काही असेल तर पायथॉनला राबवू नकोस. व्ह्यूने परवानगी बघून एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्टचा हेडर द्यावा, फाईल एन्जिनएक्स पाठवेल. ते लोकेशन इंटर्नल केलंय ना, तेवढं बघ. एस३ वर फाईली असतील तर सही केलेली लिंक ७ दिवसांपर्यंत चालवता येते. तू १५ मिनिटांचीच दे, लिंका व्हॉट्सॲपवर फिरतात.

आणि नोंद डिलीट केली म्हणजे फाईल गेली असं धरू नकोस. १.३ आवृत्तीपासून जँगो तिला हात लावत नाही, ती तुलाच काढावी लागते.