परदेशी रुग्ण आणि आपला बाजार

आखाती देशांतील अरब कुटुंबे मुंबईस येतात, ही गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंना नवी नाही. 1970 च्या दशकात ती पावसाळ्यात कुलाब्यास उतरत, पाऊस पाहत, डॉक्टरांना प्रकृती दाखवीत आणि जाताना कापड, अत्तर घेऊन जात. आज याला 'मेडिकल टुरिझम' म्हणतात व सरकार त्यासाठी स्वतंत्र मेडिकल व्हिसा देते. 2019 साली उपचारासाठी भारतात सुमारे 7 लाख परदेशी लोक आले. कारण उघड आहे. तीच शस्त्रक्रिया अमेरिकेपेक्षा येथे पुष्कळ स्वस्तात होते, आणि येमेन, इराकसारख्या देशांत युद्धांमुळे रुग्णालयांची दुर्दशा झाली.

रुग्णासोबत दोन नातलगांना व्हिसा मिळतो. रुग्ण खाटेवर असतो. खोली, जेवण, टॅक्सी, कपडे हे या नातलगांना लागते. बाजाराचा धंदा तोच. हलाल जेवण, नमाजाची सोय आणि अरबी जाणणारा माणूस यांत आपले लोक पुढे आहेत. मात्र मदरशात अरबी शिकलेला तरुण कुराणशरीफ उत्तम वाचेल, पण एखादी येमेनी बाई आपल्या बोलीत 'इथे जळजळते, इथे टोचते' म्हणाली तर तो गोंधळेल. दुभाष्याचा एक शब्द चुकला तर औषध चुकते. हे काम शिकूनच करावे.

सर्वांत वाईट भाग दलालीचा. आपल्या कापडबाजारात दलाल असतो, पण ठाण उलगडून पाहता येते आणि दलाली दोन्ही बाजूंना ठाऊक असते. रुग्णाला आपल्या बिलात कुणाचे किती टक्के मिसळले हे कळत नाही. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्यास 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना मनाई केली आहे. आपण त्या साखळीतील कडी कशाला व्हावे? रोजचा मेहनताना पाहुण्याशी आधी ठरवावा, त्याच्याकडूनच घ्यावा व पावती द्यावी.

हा धंदा व्हिसावर उभा आहे हेही विसरू नये. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे व्हिसे थांबले आणि त्या वर्षी उपचारासाठी येणाऱ्यांची संख्या 2 लाखांच्याही खाली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला, व्हिसे कमी झाले, आणि कोलकात्यात न्यू मार्केटजवळील लॉज, खाणावळी व कापड दुकाने गिऱ्हाइकांवाचून बसली. त्यांची सारी मदार एकाच देशावर होती.

आता आपल्या माणसांचे पाहू. 2019 साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, थोडी सोय झाली. तरी मोठ्या आजारात पिंपळीचा माणूस शंभर किलोमीटरवर पुण्यासच जातो. तोही मुसाफिरच. पण मोठ्या रुग्णालयांभोवती खोलीचे भाडे परदेशी गिऱ्हाईक पाहून ठरते. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाची ही योजना 2006 पासून लागू आहे. माझ्या नात्यातील एका बाईंना पुण्यात चार दिवस हे कुणी सांगितले नाही. आम्ही विचारले नाही, हीही चूकच. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरील माणसाने सांगितले, तोवर दागिने गहाण पडले होते. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड पहिल्या दिवशीच सोबत न्यावे आणि तेथील समाजसेवकास भेटावे.

पुण्यात कोंढवा, कॅम्प भागात खोल्या देण्याचा विचार जे बंधू करीत आहेत, त्यांनी निम्म्या खोल्या बारामती, इंदापूर, सोलापूरकडील रुग्णांसाठी साध्या भाड्याने ठेवाव्यात. भाडे कमी येईल, पण या गिऱ्हाइकाला व्हिसा लागत नाही. बाकीच्या खोल्यांत परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयास कळवावी.