आधी नीट पाहा

बुलडाणा

प्रिय बाळ,



तुझं पत्र दोनदा वाचलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली माझी भाची विचारते, ‘आत्या, नोकरीतून उरलेला वेळ प्रार्थनेला द्यावा की रेघोट्या मारण्यात घालवावा? वही उघडली की देवासमोर अपराधी वाटतं.’

बाळ, याच अपराधी भावनेपायी मी अठरा वर्षं पेन्सिल धरली नव्हती. मग तुझी आजी अंथरुणाला खिळली. एका रात्री झोप लागू नये म्हणून औषधाच्या चिठ्ठीमागे मी तिचा हात काढायला घेतला. मनगट झालं, शिरा झाल्या, अंगठीपाशी येऊन थांबले. सैल झालेली अंगठी गळून पडू नये म्हणून आईने तिला आतून दोरा गुंडाळला होता. महिनाभर रोज तो हात मी हातात घेत होते, पण दोरा दिसला नव्हता. तोवर ‘प्रभू, आईला बरं कर’ एवढंच मी म्हणत असे. त्या रात्री त्या दोऱ्यासाठी, आणि तो गुंडाळताना तिने कुणालाच न सांगितलेल्या भीतीसाठी प्रार्थना केली. माझं चित्र काही बरं नव्हतं, पण प्रार्थना खरी होती.

म्हणून सांगते, हा वेळ तू देवाकडून चोरत नाहीस. निर्गमाच्या 31व्या अध्यायात बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने भरलं, ते कारागिरीसाठी. आणि रानातली भूकमळं कशी वाढतात ते पाहा, असं प्रभूने शिष्यांना सांगितलं. ओझरती नजर टाकून ते कळत नाही.

आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांचं नाव लक्षात ठेव. हे गोव्याचे ख्रिस्ती चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. त्यांची मरिया साडी नेसलेली, आपल्या मातीतली. ती कित्येकांना रुचली नाही. टीका झाली, तेव्हा ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि आयुष्यभर चित्रं काढत राहिले. आपल्या माणसांच्या चेहऱ्यांत प्रभूची माणसं दिसायला, आधी ते चेहरे किती निरखले असतील!

आता सुरुवात कशी करायची ते. महागडं सामान आणू नकोस. साधी वही आणि एक 4बी पेन्सिल पुरे; खोडरबर जवळ ठेवू नकोस. सकाळच्या मननाआधी दहा मिनिटं, समोर असेल ते काढ: पाटा-वरवंटा, पऱ्हाटीचं फुटलेलं बोंड, खुंटीवरची पिशवी. खाली तारीख, आणि नव्याने काय दिसलं त्याची एक ओळ. तीच त्या दिवसाची प्रार्थना. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढ; चुकलेली राहू दे. ग्रेडची सवय सुटायला वेळ लागेल. हात आखडलाय म्हणून रडू नकोस, महिन्याभरात मोकळा होईल.

नाताळच्या सुट्टीत ये, लोणारच्या सरोवरावर जाऊ. 2020च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्याचे फोटो देशभर फिरले. आपण मात्र काठावर तासभर बसू. जवळपास दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर एका रेघेत मावत नाही. आधी काठ, मग उतारावरची झाडी, मग काळा खडक, शेवटी पाणी. इतकं सावकाश पाहिलं की स्तुती आपोआप ओठांवर येते.

पण पहिलं पान लोणारचं नको. तुझे बाबा, माझा भाऊ, सकाळी पेपर वाचत बसतात ना? त्यांचे हात काढ. पेपर धरलेली बोटं नीट पाहा. मग मला कळव, काय दिसलं.

तुझी,
आत्या