मोदकाचा साचा, ०.१ चा स्टेपओव्हर आणि माझे गेलेले ४० तास

व्हिडिओत कर्व्ह असलेल्या थ्रीडी जॉबचा टूलपाथ स्क्रीनवर करून दाखवला. पण स्क्रीनवर आकडेमोड नीट होत नाही, म्हणून ती इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण हे आकडे थेट तुमच्या कोटेशनमध्ये जाणार आहेत.

आधी माझी फजिती सांगतो. गाळा सुरू करून थोडेच दिवस झाले होते. गणपतीच्या आधी एका पार्टीनं अ‍ॅल्युमिनियमच्या मोदक साच्यांची ऑर्डर दिली. ४० साचे, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे ८० भाग. मी बीबीए केलेला माणूस, त्यामुळे हिशोब पटकन केला: फिनिशिंगला २० मिनिटं धरली, मशीनचा दर तासाला ५०० रुपये, आणि कोटेशन पाठवून मोकळा. अनुभव नव्हता, म्हणून "फिनिश भारी आला पाहिजे" एवढंच डोक्यात ठेवून ४ मिमीच्या बॉलनोजला ०.१ मिमी स्टेपओव्हर दिला. मशीनवर एका भागाला ५० मिनिटं लागली. दर भागामागे ३० मिनिटं जास्त, ८० भागांचे ४० तास. म्हणजे सरळ २० हजार रुपये खिशातून.

खरी चपराक डिलिव्हरीच्या वेळी बसली. पार्टीच्या माणसानं साचा हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, आत आमचं बफिंग होणारच आहे. पण या कडेला रेघा का दिसतायत?"

जिथं मी जीव ओतला ते बफिंगमध्ये जाणार होतं, आणि जिथं खरी गरज होती तिथंच रेघा राहिल्या होत्या. असं का झालं ते बघू.

बॉलनोज गोल असतो. दोन पासेसच्या मध्ये थोडं मटेरियल उरतं, त्याला आपण कंगोरा म्हणू. त्याची उंची काढायचा सोपा हिशोब असा: स्टेपओव्हरचा वर्ग करा आणि त्याला बॉलच्या त्रिज्येच्या आठपटीनं भागा. ४ मिमीच्या बॉलची त्रिज्या २, म्हणजे १६ नं भागायचं. स्टेपओव्हर ०.१ असेल तर कंगोरा येतो ०.०००६ मिमी. ०.२५ असेल तर ०.००४ मिमी, म्हणजे चार मायक्रॉन. बफिंग होणाऱ्या जॉबला चार मायक्रॉन भरपूर झाले! स्टेपओव्हर निम्मा केला की कंगोरा पाव होतो, हे ऐकायला छान वाटतं. पण वेळ दुप्पट होतो, आणि वेळेचं बिल तुम्ही भरता.

आता वेळ बघा. ५० बाय ५० मिमीच्या जागेत ०.१ नं गेलात तर ५०० पासेस, एकूण २५ मीटर. ८०० च्या फीडनं सॉफ्टवेअर सांगणार ३१ मिनिटं. मग माझे ५० कुठून आले? कर्व्हवर मशीनला क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागते, त्यामुळे ८०० चा फीड गाठलाच जात नाही. माझ्या मशीनवर सरासरी ५०० च्या आसपास पडला. २५ मीटर भागिले अर्धा मीटर, ५० मिनिटं. हिशोब अगदी बरोबर जुळतो, फक्त मी तो ऑर्डर संपल्यावर केला.

आता कडेच्या रेघा. पॅरलल टूलपाथमध्ये स्टेपओव्हर वरून बघून मोजला जातो. सपाट भागावर ०.१ म्हणजे ०.१ च. पण भिंत जशी उभी होत जाते तसं पृष्ठभागावरचं अंतर ताणलं जातं. ६० अंशांच्या उतारावर ते दुप्पट होतं, म्हणून कंगोरा चौपट. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं भिंत जवळपास उभी असते. ८५ अंशांवर ०.१ चे तब्बल १.१५ मिमी होतात आणि कंगोरा ०.०८ मिमी. तो नखाला लागतो. पासेसची दिशा फिरवून बघाल, तर हाच प्रश्न दुसऱ्या कडेला जाऊन बसतो.

उपाय एकच, एका टूलपाथवर सगळं ढकलायचं नाही. ४५ अंशांपर्यंतच्या भागाला पॅरलल, त्याहून उभ्या भागाला वॉटरलाइन, म्हणजे झेडमध्ये थर थर उतरणारा पाथ. दोन्हीकडे ०.२५ द्या. सगळ्यात वाईट कंगोरा ४५ अंशांच्या सीमेवर येतो, तोही आठ मायक्रॉनच्या आत. सीमेवर दोन्ही पाथ एकमेकांवर दोन-तीन अंश चढू द्या, नाहीतर तिथं एक रेघ उरते. त्याच साच्याचा हा प्रोग्रॅम मी नंतर चालवला, फिनिशिंग साधारण २४ मिनिटांत झालं आणि कडेच्या रेघाही गेल्या.

फिनिशिंगच्या आधीचं काम थोडक्यात: ८ मिमीच्या फ्लॅट एन्डमिलनं रफिंग, ०.३ मिमी स्टॉक ठेवून. रफिंगनंतर आत पायऱ्या राहतात. त्यावर थेट ४ चा बॉल घातलात तर लोड कमी-जास्त होऊन टूल थरथरतं. म्हणून मध्ये ६ च्या बॉलनं एक सेमी-फिनिश मारा. खोली २५ मिमी आहे, त्यामुळे टूल लांब काढावं लागतं, पण हवं तेवढंच काढा. २० च्या जागी ३० मिमी बाहेर काढलंत तर टूल तिपटीहून जास्त वाकतं.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. ०.२ मिमीच्या कटला ४ चा बॉल सपाट तळावर फक्त १.७४ मिमी व्यासावर कापतो. ८००० आरपीएमला तुम्ही कटिंग स्पीड मिनिटाला १०० मीटर धरलेला असतो, प्रत्यक्षात मिळतो ४४. बॉलच्या अगदी टोकाला तर वेग शून्यच असतो, तिथं मटेरियल कापलं न जाता घासलं जातं. म्हणून तळ निस्तेज दिसला की आधी आरपीएम वाढवून बघा, स्टेपओव्हरला हात नंतर लावा.

आणि पाकळ्या! मोदकाची उठावदार कळी साच्यात खाच होते. ड्रॉइंगमध्ये त्या खाचेच्या तळाला ०.५ ची त्रिज्या दिली होती. २ त्रिज्येचा बॉल तिथं पोहोचणारच नाही. एकतर १ मिमीचा बॉल घेऊन फक्त तेवढ्या खाचांना रेस्ट मशिनिंग करा, त्यात वेळ जातो आणि टूल मोडायची भीतीही असते. नाहीतर कोटेशन पाठवण्याआधी पार्टीला फोन करा. पुढच्या वर्षी मी फोन केला: "खाच जरा गोल केली तर चालेल का? दर कमी करतो." समोरून उत्तर आलं, "चालेल की, उलट मोदक पटकन सुटेल." वर्षभर त्या ०.५ चं ओझं मी उगाच वाहत होतो.

आता तुमचा अभ्यास. पुढचा कर्व्हचा जॉब लावाल तेव्हा सॉफ्टवेअरनं सांगितलेला वेळ आणि घड्याळातला वेळ, दोन्ही वहीत लिहा. माझं गुणोत्तर १.६ निघालं. तुमचं मशीन आणि कंट्रोलर वेगळा, म्हणून तुमचं वेगळं निघेल. असे चार-पाच जॉब नोंदवले की तुमचा स्वतःचा आकडा हातात येतो, आणि कोटेशन करताना सॉफ्टवेअरच्या वेळेला त्यानं गुणायचं.

पुढच्या व्हिडिओत टॉलरन्स आणि स्मूदिंगचं सेटिंग घेऊ, म्हणजे हे १.६ खाली कसं आणायचं ते मशीनवरच दाखवतो.