शंका-समाधान : नोंद झाली, पण जोडणी होत नाही

शंका : कुंभकोणमच्या एका पेढीत मी हिशेब पाहतो. आमचा व्यापार नाच्चियारकोविलच्या पितळी दिव्यांचा. घरी आम्ही तंजावुरी मराठी बोलतो, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. साठ्याची माहिती चेन्नईच्या डीबी२ सर्व्हरवर असते. कमांड लाइनवरून त्या सर्व्हरची नोंद केली, काम यशस्वी झाल्याचा संदेशही आला. तरी कनेक्ट करताना एसक्यूएल३००८१एन ही त्रुटी येते. काय चुकते आहे?

समाधान : त्या संदेशावर विसंबू नका. कॅटलॉग ही आज्ञा तुमच्याच संगणकावरच्या वहीत पत्ता उतरवून ठेवते, एवढेच. चेन्नईच्या सर्व्हरला ती काही विचारत नाही. पत्ता चुकीचा दिलात तरी हाच संदेश येईल.

नोंदी दोन असतात. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरा. पहिली नोंद यंत्राची : 'डीबी२ कॅटलॉग टीसीपीआयपी नोड चेन्नई रिमोट', पुढे सर्व्हरचा पत्ता, मग 'सर्व्हर ५००००'. नोडचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. दुसरी नोंद डेटाबेसची : 'डीबी२ कॅटलॉग डेटाबेस स्टॉक अ‍ॅट नोड चेन्नई'. त्यानंतर 'डीबी२ टर्मिनेट' जरूर द्या, नाहीतर चालू सत्रात जुनीच यादी वाचली जाते. विंडोजवर हे सारे डीबी२च्या कमांड विंडोतच करायचे. साध्या काळ्या खिडकीत आज्ञा चालत नाहीत.

आता तुमची त्रुटी. एसक्यूएल३००८१एन म्हणजे जाळ्यावर संपर्क झाला नाही. त्याच संदेशात आणखी एक आकडा असतो, तो बहुतेक जण वाचतच नाहीत. विंडोजवर तिथे १००६१ असेल तर समोरून नकार आला आहे : पोर्ट चुकले, डीबी२ बंद आहे, किंवा सर्व्हरवर डीबी२कॉम ही सेटिंग टीसीपीआयपी नाही. १००६० असेल तर उत्तरच आले नाही; अशा वेळी पत्ता आणि फायरवॉल तपासा. 'लिस्ट नोड डिरेक्टरी' देऊन आपण काय लिहिले आहे तेही एकदा अक्षर न् अक्षर वाचा. ५०००० हे नेहमीचे पोर्ट असले तरी तुमच्या सर्व्हरवर तेच असेल असे नाही. चेन्नईच्या प्रशासकाकडून एसव्हीसीईनेम या सेटिंगची किंमत मागवा.

संपर्क होऊन एसक्यूएल३००६१एन आली तर यंत्र सापडले, पण त्या नावाचा डेटाबेस तिथे नाही. ३००८२एन आली तर नाव किंवा पासवर्डाकडे पाहा.

शंका : सर्व्हरचा पत्ता बदलला तर सगळे पुन्हा करायचे का? आणि पासवर्ड बॅच फाइलमध्ये लिहिला तर चालेल का?

समाधान : पहिल्याचे उत्तर सोपे. नोड 'अनकॅटलॉग' करून त्याच नावाने नव्या पत्त्यावर नोंदवा. डेटाबेसची नोंद नोडच्या नावाला बांधलेली असते, ती तशीच राहते.

पासवर्ड मात्र फाइलमध्ये लिहू नका. कनेक्टच्या आज्ञेत फक्त यूजरचे नाव द्या, पासवर्ड डीबी२ स्वतः विचारते. रात्री आपोआप चालणारे काम असेल तर त्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे खाते मागा. पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे न ठेवता व्हीपीएनमधूनच पोचा. सर्व्हरवर सोय असेल तर नोड नोंदवताना 'सिक्युरिटी एसएसएल' जोडा. तुमच्याच गावात मुख्यालय असलेल्या, १९०४ साली स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेच्या स्विफ्ट व्यवस्थेतून फेब्रुवारी २०१८मध्ये सुमारे २० लाख डॉलरचे तीन बनावट व्यवहार पाठवले गेले. त्याचा डीबी२शी संबंध नव्हता. पण ते उघड झाले रोजचा हिशेब जुळवताना. तुमची पेढी लहान असली तरी कोण, कुठून जोडले गेले याची सर्व्हरवरची नोंद रोज पाहायला चेन्नईला सांगा. आणि फाइलमध्ये पासवर्ड आधीच लिहून ठेवला असेल तर फाइल पुसून भागणार नाही, तो पासवर्ड आजच बदलून घ्या.